कृपया, लिनक्ससाठीसुद्धा

नाही नाही, तो नको आधी उघडूस — तो चालू आहे, चांगला चालू आहे, सातही चालू आहेत, हेच तर माझं म्हणणं आहे! बंद पडलेलं कुणी बदललं तर मी म्हणेन, बरं केलंत. पण चालणारं पुसायला महाडहून माणूस येतो, पेनड्राइव्ह खिशात घालून — तुझा दोष नाही रे राजेश. राजेशच ना? दुकानदारानं पाठवलं, तू आलास. बस. पंखा लाव. मी सुनीती — इथल्याच शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, रिटायर झाल्यापासून या वाचनालयाचे कॉम्प्युटर बघते. बघत होते म्हण. कालच्या सभेत ठरलं ना — लिनक्स काढा, विंडोज टाका. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका." का लावून घेऊ नको? मनाला नाही तर कुठे लावू, भिंतीला?

तुला सांगते हे कुठून आले. तू महाडचा, एकवीसचा पूर तुला काय सांगायचा. एका ऑफिसातले बारा कॉम्प्युटर पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला टाकलेले, चिखलानं माखलेले. मुकुल — माझा मुलगा — तेव्हा घरूनच काम करायचा. तो म्हणाला, आई, टेम्पो सांगूया. आम्ही दोघांनी रंगाच्या ब्रशनं आतली एकेक पट्टी धुतली, पंख्याखाली आठ-आठ दिवस सुकवली, आणि बारांतले सात जगले. जगले! पण म्हातारे — विंडोज टाकलं की धापा टाकायचे. मग लिनक्स टाकलं. काम तेच, कॉम्प्युटर चालवण्याचं, पण हलकं, फुकट, कुणाच्या मालकीचं नाही, हवं तर उघडून आत बघा. मुकुलला ते मीच शिकवलं होतं, तो सातवीत असताना, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. मीच शिकवलं — आणि आता बघ. असो.

टायपिंग होतं, फॉर्म भरले जातात, प्रिंट निघते. अडलं कुठे? तर त्या क्लासच्या ॲपपाशी. भरतीचे सगळे चांगले क्लास एकाच कंपनीकडे गेले, आणि तिचं ॲप विंडोजला आहे, मॅकला आहे, फोनला आहे, टीव्हीला आहे — उद्या मिक्सरला काढतील! लिनक्सला नाही. का नाही? तर म्हणे ब्राउझरमध्ये बघा. बघतो की ब्राउझरमध्ये! पण लिनक्स दिसलं की ते चित्र बारीक सोडतात, धुरकट — चोरी होईल म्हणून. चोर आम्ही! पोलादपूरच्या वाचनालयात बसून भूमितीचा तास चोरणार आम्ही! आणि ब्राउझरमध्ये डाउनलोड नाही, ते फक्त ॲपमध्ये. गेल्या महिन्यात कशेडी घाटात दरड आली, केबल तुटली, सहा दिवस नेट नाही — महाडच्या पोरांनी तास आधीच उतरवून ठेवलेले, आमची मुलं काळ्या पडद्यापुढे बसून.

फोनवर बघा म्हणतोस? सगळे तेच म्हणतात. आम्रपाली आहे इथे, उमरठची, तलाठी भरतीची तयारी करते — घरात एकच फोन, तो भाऊ एमआयडीसीत घेऊन जातो. ती सकाळच्या एसटीनं येते, पडद्याला नाक लावून बसते. फळ्यावरचा तीन आहे की आठ, कळत नाही तिला. मी विचारलं, दिसतं का गं? तर म्हणते, "दिसतं हो मॅडम, थोडं अंदाजानं घेते." अंदाजानं गणित! मला रात्रभर झोप नाही.

मग मी लिहिलं कंपनीला. रीतसर पत्र, त्यांच्या वेबसाइटवरून. उत्तर आलं — आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. परत लिहिलं. परत तेच उत्तर, अक्षर न् अक्षर तेच. मला वाटलं, एकटी बाई लिहिते म्हणून दाद देत नाहीत, दहा जणांनी लिहिलं तर देतील. म्हणून मी — म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं हं, अडचण खरीच होती — मी बाकीच्यांच्या नावानं लिहिलं. आम्रपालीच्या नावानं तीन. मग कोंडाजींच्या नावानं — ते फक्त पेपर वाचायला येतात, माउसला हात लावत नाहीत. चंपाबाईंच्या नावानं. वर्षभरात एकतीस पत्रं झाली. हसू नकोस. मुलांसाठीच केलं ना? माझा काय फायदा त्यात?

मुकुल त्याच कंपनीत आहे. सांगितलं नाही का मी? हो, त्याच. पुण्याला. मी त्याला कधी म्हटलं नाही की तू कर — आईनं मुलाकडे वशिला लावायचा, हे मला पटत नाही. पण त्याला माहीत होतं ना इथलं! आणि मला माहीत नव्हतं की सुट्टीच्या दिवशी, आपल्या वेळात, तो लिनक्सचं ॲप करत बसला होता. पाच महिने. तयार केलं त्यानं. चालवून बघितलं. मग साहेबांपुढे मांडलं, ते म्हणाले, हे कुणाला हवंय? तर यानं पत्रं काढून दाखवली. एकाच तालुक्यातून एवढी मागणी! साहेबांनी तिथल्या तिथे तपासायला सांगितलं — सगळी एकाच कनेक्शनवरून आलेली, या इथल्या, आणि सगळ्या पत्रांत "कृपया"च्या पुढे स्वल्पविराम. मी घालते तसा. त्याला एका क्षणात कळलं, म्हणाला. भरल्या मीटिंगमध्ये. साहेब म्हणाले, खोटी पत्रं आहेत ही, बंद करा. झालं. बंद.

त्यानं फोन केला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आई, दुसऱ्या कुणाचं एक पत्र खरं असतं तरी मी भांडलो असतो. एक." बस, एवढंच. त्याला दोन महिने झाले. मी फोन करते, तो उचलतो, जेवलीस का विचारतो, ठेवतो.

तर आता कळलं तुला, कोणी आणलं तुला इथे? मीच. अध्यक्षांना काय नावं ठेवायची! आणि सभेत विंडोजचा अर्ज आला ना, धापा टाकेनात का, ॲप तरी चालेल म्हणून, त्यावर पहिली सही कुणाची — आम्रपालीची. मी सगळ्यांसमोर विचारलं तिला, तूसुद्धा? पत्रांचं तिला मीच कबूल केलं होतं. ती उभी राहिली, घाबरली नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझ्या नावानं तीनदा लिवलंत, मला एकदा तरी इचारलंत काय? मी लिवलं असतं की. मला लिवता येतंय." सव्वीस वर्षं मी मुलांना उत्तरं तोंडपाठ करायला लावली नाहीत, तुम्हीच शोधा म्हणायचे — आणि ही मला असं म्हणते. खरं म्हणते.

काय विचारतोय हा कॉम्प्युटर? "सगळी माहिती पुसली जाईल" — दाब. दाब म्हटलं ना. मुलांचं सगळं मी काल रात्री काढून ठेवलंय, माझं त्यात काही नाही.

अगं, आलीस? ये, आत ये, दारात का उभी — राजेश, ही आम्रपाली. काय, कुठला क्लास टाकून देऊ म्हणतोस? तिला तलाठी भरतीचा लागतो, गणिताचा, त्यातही आधी भूमिती, कारण तिचं —

नाही. थांब. तिलाच विचार.