कुसुमताईंनी टाइप केलेला अर्ज

मंडळी, नमस्कार. दिलीप, सूनबाई, ताईंच्या गल्लीतल्या बायांनो, कॉलेजातल्या जुन्या माणसांनो, तुम्ही सगळे आलात. ताईंच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय, पण माझी पंचाईत अशी की कुसुमताईंची आठवण आली की रडू येतं, आणि सांगायला तोंड उघडलं की हसू येतं. दोन्ही एकदम आलं तर सांभाळून घ्या.

मी मंदा. फुलंब्रीकडची. माझा बाप मेंढरं राखायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. कुसुमताई तिथं ऑफिसात टायपिस्ट होत्या. कॉलेजचं नाव घेत नाय. ज्यांना माहितीय त्यांना माहितीय.

नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या. दुसरीकडं शहराबाहेर नवनव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. केमिस्ट्री घेतलं की कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, असं सगळे म्हणायचे. म्हणून मी केमिस्ट्री घेतलं. आणि तिथंच ते सर होते.

प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते, आणि हात आमच्या पाठीवर. जर्नल तपासायला एकेकटीला आत बोलवायचे. दार लोटून घ्यायचे. मी आणि माझी मैत्रीण नसरीन, आम्ही दोघी महिनाभर गप्प बसलो. मग नसरीनच म्हणाली, "मंदा, चुप बैठे तो ये और चढते. कुछ तो करना होना."

आम्ही अर्ज लिहिला. अक्षर ओळखतील म्हणून टाइप करून घ्यायला कुसुमताईंकडं गेलो. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं, "सर आमच्याशी नीट वागत नाहीत."

"नीट म्हंजे?" ताई म्हणाल्या. "ओरडतात? फळ्यावर गिचमिड लिहितात?"

आम्ही खाली मान घातली.

"अगं पोरींनो, असा अर्ज दिला तर प्राचार्य त्या सरांना नवा फळा घेऊन देतील!"

आम्ही हसलो. हसता हसता नसरीन रडायला लागली. ताई उठल्या, दाराला कडी लावली आणि म्हणाल्या, "आता सांगा. काय झालं तेच सांगा." आम्ही सांगितलं. मंडळी, ते शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. ताईंची बोटं टाइपरायटरवर थांबली होती. कधी चूक न करणारी बाई, त्या एका पानात चारदा खोडलं त्यांनी.

अर्ज घेऊन आम्ही तिघी प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी डोक्याला हात लावला. "बाहेर शहर पेटलंय, आणि तुम्ही हे काय घेऊन आलात?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, बाहेर माणसं रस्त्यावर उतरलीत. ह्या पोरींनी तर नुसती सही केलीय."

"तुम्ही टायपिस्ट आहात, कुसुमताई!"

"व्हय सर. म्हणून तर दोन कार्बन घातले. एक प्रत तुमची, एक माझी, एक विद्यापीठाची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण लिहिलं, 'दोन विद्यार्थिनींना घेऊन विद्यापीठात तक्रार देण्यास जाणे.' प्राचार्यांनी नेहमीसारखी न वाचता सही ठोकली.

विद्यापीठात एक प्राध्यापक बाई मुलींच्या अडचणी बघायच्या. मी वाटेत ठरवलं होतं, पळून जायचं. ताईंनी बसमध्ये मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला. मी पळणार कशी? त्या बाईंनी आधी पाणी दिलं. मग सगळं ऐकून घेतलं. "तिथं एकट्या का गेलात," असं एकदाही विचारलं नाय. म्हणाल्या, "घरी कळवायचं का, ते तुम्ही ठरवा. प्रॅक्टिकल दुसरे परीक्षक घेतील. चौकशीला मी स्वतः येते."

आल्या. चौकशीला टेबलाच्या एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला आम्ही, मध्ये प्राचार्य आणि त्या बाई. आणि टिपण घ्यायला कोण? कॉलेजात टायपिस्ट एकच. कुसुमताई!

प्राचार्य म्हणाले, "ह्या परस्पर विद्यापीठात गेल्या. मला न विचारता."

ताईंनी पर्समधून रजेचा अर्ज काढला. "सर, ही तुमचीच सही ना?"

प्राचार्यांनी तो अर्ज आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

मग सर बोलले. "मी वडीलकीच्या मायेनं पाठीवर हात ठेवला."

ताईंचं पेन थांबलं. "सर, टिपणात नीट यावं म्हणून विचारते. पोरांच्या पाठीवर पण ठेवता का?"

सर पंख्याकडं बघत राहिले. शेवटी विद्यापीठाच्या बाई म्हणाल्या, "लिहा, कुसुमताई. उत्तर दिलं नाही."

सरांना मोठी शिक्षा झाली असं मी म्हणणार नाय. परीक्षेचं काम काढून घेतलं, मुलींना एकटं बोलवायला बंदी घातली. वर्षअखेर ते दुसरीकडं गेले. निरोप समारंभ झाला, शाल-नारळ पण झालं. फक्त मानपत्र टाइप झालं नाय. ताई म्हणाल्या, "रिबन संपली." समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मशीन सकाळपासून खडखडत होतं.

आता एकच सांगते. गावात कुणीतरी माझ्या बापाला बातमी पोचवली. एका दुपारी बाप खांद्यावर घोंगडी टाकून कॉलेजात आला. मला वाटलं, संपलं. आता घरी नेणार, लगीन लावणार. मी ताईंच्या ऑफिसातल्या कपाटाच्या मागं लपले. ताईंनी त्याला खुर्ची दिली. तो खाली बसला. तर ताई पण त्याच्यासमोर खाली बसल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

बापानं खांद्यावरची घोंगडी सावरली. मग विचारलं, "पोरगी परीक्षा देणार का, बाई?"

"देणार."

"मंग मी निघतो. मेंढरं एकटीच हाईत."

जाताना कपाटाकडं बघून म्हणाला, "मंदे, जेवत जा."

मी परीक्षा दिली. कंपनीच्या लॅबमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या दिवशी दाराला कडी लावून कुणी विचारलंच नसतं, तर आज मी कुठं असते? मला माहीत नाय, मंडळी. खरंच माहीत नाय.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

ताई, तुमची मंदा तुमच्या पाया पडते.