देखणं वर, डागी खाली

नाही, सूनबाई घरात नाही. येईलच एवढ्यात. रिकामे क्रेट ना? ते काय, जिन्याखाली. पण थांबा जरा. बसा म्हटलं ना — बागेपासून इथवर दोन तास लागतात, ठाऊक आहे मला.

तुमची सफरचंदं बंद केली सूनबाईच्या गटानं. बावीसच्या बावीस घरांनी. बागेतलं म्हणून बाजारातलं फळ देते बाई, म्हणाले — स्टिकर निघाला ना एकावर. परवा याच खोलीत तुम्ही सांगत होतात, आमच्याकडे स्टिकर नसतोच मुळी. खरं बोललात. कोणी ऐकलं? नाही ऐकलं. मी त्या खुर्चीत होतो, पेपर वाचत. वाचत कसला — तोंडासमोर धरला होता.

चाळीस वर्षं फळं विकली मी. देखणं वर, डागी खाली — एवढीच माझी शाळा. आणि ही तरणी मंडळी जेवताना म्हणतात, फवारणी नको, दलाल नको, मधले लोक लुटतात. मधले म्हणजे कोण? मीच की! त्या लुटीवरच शिकला हिचा नवरा. गिळलं. मग शनिवारी तुमचे क्रेट उतरवून घ्यायचं काम आलं माझ्याकडे, घरात रिकामा मीच ना. उघडून बघतो तर ठिपके, खरखरीत साल, एक लिंबाएवढं तर एक मुठीएवढं. म्हटलं, हा माल माझ्या दारात मांडायचा? लोक सुनेला हसतील हो. सुनेला... बरं, मला.

म्हणून जुन्या गाळ्यावरून चकचकीत फळ आणलं. डागी काढली, ती भरली, फडक्यानं पुसली. स्टिकर नखानं एकेक सोलले. चार शनिवार. डोळे आता पूर्वीचे नाहीत. एक राहिला.

तुमची फेकली नाहीत हां. मीच खाल्ली, मोरीपाशी उभ्यानं, चोरासारखी. चव? ...ते नका विचारू.

असं बघू नका, बाई. शिव्या द्या, त्या परवडल्या.

फाटक वाजलं. आलीच ती. तुम्ही मागच्या दारानं — नाही. पुढूनच जा. मागून जायचं काय कारण तुम्हाला? तिला मी सांगतो. आत्ता सांगतो. क्रेट न्या, अन् शनिवारी भरून आणा.

डागी वर ठेवा.

जा आता.