कोरडे मोजे

लहानपणी ऐकलेला तो आवाज अजून कानात आहे. लढाईला निघालेल्या रांगेपुढे सेनापती विचारत होते, "पोरांनो, मोजे कोरडे आहेत ना?" त्या लढाईतून सेनापती परतले नाहीत.

काल डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर त्यांची पत्नी आणि आताचे सेनापती, औषधाचे थेंब घालून, डोळे मिटून शेजारी-शेजारी बसले होते.

"काकू, मीही पोरांना आधी मोज्यांचंच विचारतो."

"तू तर ह्यांना पाहिलंही नाहीस!"

"माझ्या गुरूंनी पाहिलं होतं. ते आधी मोजे बघायचे, मग नकाशा. आता माझ्या हाताखालचेही तेच करतात."

"अगं बाई!"

"लष्करी शाळेच्या भिंतीवर ते वाक्य कोरतोय, त्यांच्या नावानं. हसताय का?"

"लग्नानंतर हे ओल्या मोज्यांनी घरभर फिरायचे. रोज दारात अडवून मीच विचारायचे. नाव ह्यांचंच कोर, बाळा. पण वाक्य माझं आहे."