जैतूनचा दंड

माझं माहेर सिल्लोडकडचं, बाप पिंजारी, कापूस पिंजायचा आन् गाद्या भरायचा, त्यामुळं घरात बघावं तिकडं कापूस, भाकरीत कापूस, केसात कापूस, आन् मी सात बहिणींतली पाचवी, म्हंजे माझ्याकडं कोन बघतंय ताई. जन्म कवाचा ते कुनी सांगितलं नाय, निजामाचं राज व्हतं एवढं ठावं हाय. लिहा, हे बी लिहा. शादी झाली तशी चितेगावला आले, पैठनच्या रस्त्यावर. तवा तिथं कारखाने नव्हते, ज्वारी व्हती आन् धूळ व्हती.

माझ्या पोरीचे, जैतूनचे अब्बा दर्जी. नाव मी घ्यायची नाय, या वयात काय लाजायचं म्हनाल, पन जीभच वळत नाय. औरंगाबादला छावनीत एका दुकानात शिपायांचे कोट शिवायचे, जुम्म्याला घरी यायचे. मानूस शांत, कमी हसायचा, पन सरकारी गोष्टीवर लई भरोसा, डाक्टर दिसला की टोपी सारखी करून उभा ऱ्हायचा. मला कधी हात लावला नाय मारायला, त्या काळात ही लई मोठी गोष्ट, काय सांगू तुम्हाला.

पहिला पोरगा झाला, मुन्ना म्हनायचो. सहा महिन्यांचा व्हता तवा गावात देवी काढनारा आला. तुमच्याकडं लस म्हनतात तीच, देवीचा आजार होऊ नये म्हनून दंडावर टोचायचे. त्याच्याकडं एक बारीक फिरकी असायची, दंडावर ठेवायची आन् फिरवायची, दोन जागी, आन् त्यात औषध. मग आठ दिवसांत तिथं फोड आला की म्हनायचे उठली. मुन्न्याला उठली, दंड सुजला, ताप चढला आन् पोरगं गेलं. त्या सालात गावात ताप व्हताच, न टोचलेली लेकरं बी गेली, हे आता समजतं. तवा नाय समजलं. सासू म्हनली सुईनं खाल्लं माझ्या नातवाला, आन् माझ्या काळजात ते रुतून बसलं ते बसलं.

मग दोन सालांनी जैतून झाली. ती वर्षाची झाली आन् परत देवी काढनारा आला, तो जुम्म्याचा दिवस, अब्बा घरी. त्यांनीच तिला मांडीवर घेतलं, दंड धरला, टोचलं, त्या मानसानं वहीत नाव लिहिलं आन् म्हनला पानी लावू नका. ते दोघं बाहेर बोलत बसले आन् म्या पोरगी उचलून मागं न्हानीत नेली. पदरानं पुसलं, पान्यानं धुतलं, चुलीतली राख चोळली, परत धुतलं. जैतून रडली नाय ताई, तिला वाटलं अम्मी न्हाऊ घालतीय, माझ्याकडं बघून हसत व्हती. आठ दिवसांनी बघायला येनार व्हता तो मानूस, त्याची बदली झाली. पुढच्या जुम्म्याला अब्बांनी विचारलं उठली का, म्या म्हनलं उठली, खपली बी धरली. आन् म्हनलं डास चावतात, पोरीच्या कुडत्याला बाह्या लांब लावा. त्यांनी लावल्या, बारीक टाके घालून.

असे दिवस गेले. जैतून चार वर्षांची झाली. तवा अब्बांना आफ्रिकेतून बोलावनं आलं, मोंबासा म्हनून गाव हाय, तिथं एका कापडवाल्याला दर्जी पायजे व्हता, बायकापोरं घेऊन या म्हनला, ऱ्हायला खोली देतो. मुंबईहून आगबोट. मी तर औरंगाबाद बी धड बघितलं नव्हतं. ते कधी नाय ते हसत घरी आले, म्हनले तिघं जाऊ, तिथं दर्या हाय, जैतूनला दर्या दाखवू. पन कागद लई लागतात, फोटो लागतो, आन् प्रत्येकाला देवी टोचल्याचा सरकारी कागद, त्याशिवाय आगबोटीवर पाय ठेवू देत नाय.

मग ते चावडीवर गेले, तर त्या सालाची वही नाय. पटवारी म्हनला देवी काढनारा घेऊन गेला. तालुक्याला गेले, तिथं दप्तराला वाळवी लागलेली. दोन चकरा मारून घरी आले तरी हसतच व्हते, म्हनले वही नसली तरी हरकत नाय, शहरातला डाक्टर दंड बघतो, निशानी दिसली की लिहून देतो. तुझी हाय, माझी हाय. मग मला म्हनले, जैतूनच्या दोन्ही निशान्या हायेत ना? म्या म्हनलं हायेत.

महिना व्हता हातात ताई. पूर्ण एक महिना. तवा खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी टोचून आनली असती, आठ दिवसांत उठली असती, कागद झाला असता. पन त्यांच्यापुढं खोटी पडनार याचं भ्या वाटलं, आन् परत टोचलं तर ही बी मुन्न्यावानी जाईल याचं त्याहून जास्त. मग म्या काय केलं, लिहा, बिब्बा आनला. बिब्ब्याचं तेल कातडीवर लागलं की फोड येतो, डाग ऱ्हातो, हे आमच्याकडं लहान लेकराला बी ठावं. अब्बा छावनीत, सासू शेतात. सुई तापवली, बिब्ब्यात टोचली आन् जैतूनच्या दंडावर दोन ठिपके दिले. तवा मात्र ती रडली. लई रडली. म्या तिचं तोंड दाबलं.

औरंगाबादच्या दवाखान्यात गेलो तवा आगबोटीला पाचच दिवस उरले व्हते, दुसरे कागद यायला उशीर झाला म्हनून. डाक्टरनं यांचा दंड बघितला, माझा मनगटापासून बाही सारून बघितला, जैतूनचा बघितला आन् थांबला. अंगठ्यानं चोळून बघितलं. म्हनला, ये टीके का निशान नहीं, भिलावे का है, म्हंजे टोचल्याची खूण नाय, बिब्ब्याची हाय. अब्बा तापले. खुदा कसम साहेब, माझ्या मांडीवर टोचलं, म्या माझ्या हातानं दंड धरला व्हता. डाक्टर म्हनला टीका गोल उठतो, खळी पडते, हे जळलेलं हाय, सरकारला फसवायला लेकराला जाळता, शरम वाटत नाय? सगळा दवाखाना बघत व्हता. अब्बा परत बोलायला गेले आन् बोलता बोलता त्यांनी माझ्याकडं बघितलं. समजलं त्यांना. टोपी काढून हातात घेतली आन् डाक्टरला म्हनले, साहेब, गलती माझी, आता टोचून द्या.

दुसऱ्या दंडावर टोचलं. डाक्टर म्हनला आठ दिवसांनी आना, उठली तर कागद देतो.

परत येताना टांग्यात त्यांनी एकच विचारलं, मला सांगितलं का नाय? म्या म्हनलं, मुन्ना गेला व्हता ना. मग त्यांनी माझा हात धरला. भर रस्त्यात, टांगेवाल्यापुढं. ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन सासूला म्हनले, पहिली टोचलेली पोरीला उठलीच नव्हती, तिच्या अंगानं धरली नाय, आता परत टोचलीय. मला वाचवलं त्यांनी. सासू म्हनली पोरगी माझ्याकडं ठेवा आन् दोघं जा, तर म्या नाय म्हनलं आन् ते बी नाय म्हनले. एकटे गेले. सहा महिन्यांत बोलावतो म्हनले.

आन् ताई, जैतूनला उठली, अशी टपोरी उठली, डाक्टर म्हनला एकदम चांगली. त्याच उन्हाळ्यात गावात देवी आल्या, शेजारची दोन लेकरं गेली, हिला ताप बी नाय आला.

तीन खतं आली मोंबासाहून, मौलवीसाहेब वाचून दाखवायचे. मग लढाई लागली, बायकापोरांना आगबोटीवर घेईनात. मग त्या कापडवाल्याचं खत आलं की दर्जी तापानं गेला, तिथंच मिट्टी दिली. पानी पाजायला जवळ कोन व्हतं की नव्हतं ते त्यानं लिहिलं नाय.

सासूनं जैतूनला धरलं. हिच्या अंगात खोट हाय, हिला पहिल्या खेपेला देवी उठली नाय म्हनून माझा लेक एकटा गेला आन् एकटा मेला. उठता बसता हेच. जैतून दहा वर्षांची व्हती तवा मला म्हनली, अम्मी, सगळ्यांना पहिल्याच खेपेला उठलं, मलाच का नाय, माझं रगत खराब हाय का? म्या म्हनलं जा, पानी भर. सासू गेली, निजामाचं राज गेलं, पन ते बोलनं जैतूनच्या डोक्यातून गेलं नाय. तिची लेकरं झाली, त्यांना टोचायला नेलं की ही दारात उभी राहून रडायची, माझ्यावानी यांना बी उठलं नाय तर. तरी मी गप. नवऱ्यानं माझ्यासाठी एक खोटं सांगितलं, म्या ते जन्मभर पोरीच्या डोक्यावर ठेवलं. तिच्याच घरी ऱ्हाते, तिच्याच हातचं खाते.

कितीदा तोंड उघडलं ताई, नाय निघत. मला वाचता येत नाय, तिला बी येत नाय, म्हनून तुम्हाला बसवून घेतलं. एवढं नक्की लिहा की तिच्या अंगात काय बी खोट नव्हती. मला माफी नको, मला घरात ठेवलं काय आन् काढलं काय, किती दिवस उरलेत. अल्ला तुमच्या लेकरांना सुखी ठेवो.

ती बघा, रेशन घेऊन आली. बसू द्या तिला, पानी पिऊ द्या, मग वाचा. जरा मोठ्यानं वाचा, तिला आता कमी ऐकू येतं. आन् माझी चूक आली की आवाज खाली करू नका.