राखण नसलेला डोंगर

बासू : मधलं गाळू नकोस, इट्टो. गावाची संमती म्हणून सही माझी लागणार ना? मग सगळं वाच.

इट्टो : अर्जाची भाषा आहे हो नुसती, बाबा. चहा निवतोय तुमचा.

बासू : निवू दे.

इट्टो : "अक्कलकारा आमच्या ॲटलासच्या डोंगरातला. मुळांसाठी उपटून उपटून संपत आलाय. ही फेलोशिप मिळाली तर दोन वर्षं तुमच्या वनस्पती-उद्यानात राहून मी त्याचं बी टिकवायला शिकेन." झालं. करा सही.

बासू : वाचता येत नसलं तरी डोळे आहेत मला. बोटाखाली एक ओळ झाकलीस.

इट्टो : ...“या डोंगराला आज कसलीही राखण नाही.”

बासू : अस्सं.

इट्टो : बाबा, ऐका ना...

बासू : दर वसंतात अग्दाल लागतो, डोंगर बंद होतो. बी झडेपर्यंत वर ना शेळी जाते, ना कुदळ. मग मी काय तिथे हवा खायला बसतो? सख्ख्या भावाच्या शेळ्या शिरल्या, तेव्हा दंड म्हणून त्यातली एक कापून गावाला जेवू घातली. अजून बोलत नाही तो माझ्याशी.

इट्टो : ठाऊक आहे मला. दोनदा खरं तेच लिहिलं होतं, गाव स्वतः राखतं म्हणून. दोन्ही वेळा उत्तर एकच: जिथे राखण नाही, त्यांना आधी. पस्तिशीच्या आतलेच घेतात, आणि मला या उन्हाळ्यात पस्तीस पुरी होतायत. दमले हो मी अर्ज लिहून लिहून.

बासू : दिसतंय. आण पेन.

इट्टो : रागावलात?

बासू : रागवायलाही अंगात जोर लागतो. इथेच ना? ...घे, झाली सही.

इट्टो : खाली नाव आणि काम लिहायचंय. बासू, अग्दालचे राखणदार...

बासू : मेंढपाळ लिही.

इट्टो : का?

बासू : राखणच नाही, तर राखणदार कुठून आला? खोटं लिहायचं तर नीट लिहावं, पोरी.

इट्टो : ...द्या तो कागद इकडे.

बासू : अगं, सही केलीये मी त्यावर!

इट्टो : सही राहू दे. वरची ओळ खोडतेय.

बासू : आणि परत नाही म्हणाले तर?

इट्टो : म्हणू देत. किती वर्षं झाली हो तुम्हाला वर राखणीला बसायला?

बासू : एकतीस. ...हे धरलं तर बत्तीस.