एक सीट बाकी

तुम्ही काहीही म्हणा, आमच्या काळीपिवळी जीपमध्ये सीट म्हणजे बसायची जागा नाही, सीट म्हणजे माणूस. हे मला दादानं शिकवलं. दादा वारला, त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्याचीच जीप घेऊन मी पहिल्यांदा सडक अर्जुनीच्या नाक्यावर उभा राहिलो आणि ओरडलो, "कोहमारा! एक सीट बाकी, एकच सीट!"

मागच्या बाकावरून शाळेचे गुरुजी म्हणाले, "कोठी बाकी हाय रे बाबू? तिघांच्या जागेवर आमी चौघं बसून राहिलो. सीट म्हणजे बसायची जागा. काऊन खोटं बोलून राहिला?"

माझं डोकं सटकलं. "पटत नसन तर उतरा!"

गुरुजी खरंच उतरले. त्यांचं पाहून आणखी दोघं उतरायला लागले. पहिल्याच फेरीला दादाची गाडी रिकामी होणार, असं वाटलं. म्हटलं, "गुरुजी, दादाबी असाच ओरडे जी."

"मालूम हाय मले. त्यालेबी रोज हेच सांगत होतो."

"मंग त्यानं आयकलं?"

"कधीच नाही," गुरुजी म्हणाले. मग दारात उभे राहून त्यांनी अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज काढला, "एक सीट बाकी! एकच सीट!"

भाजीची टोपली घेऊन एक काकू धावत आल्या आणि आत डोकावल्या. "कोणती सीट जी? जागा कोठी हाय?"

गुरुजी म्हणाले, "सीट तुमीच हाव, बाई. बसा."