सासुरवाडीचं सबस्टेशन

व्यासपीठाच्या मधोमध बसलेले अध्यक्ष महोदय, म्हणजे आमच्या साहेबांचे वरिष्ठ, त्यांच्या शेजारचे सर्व मान्यवर, उद्यापासून साहेबांची खुर्ची सांभाळणारे चंद्रकुमारभाऊ, कार्यालयातल्या बंधू-भगिनींनो, आणि मागे दाराजवळ अंग चोरून बसलेला माझा भाऊ भय्याजी, तुम्हा साऱ्यांना या सुलोचनाचा नमस्कार.

निवृत्त होणाऱ्याच्या बायकोला "वहिनी, दोन शब्द बोला" म्हणायची आपल्याकडे रीत आहे. तिने म्हणायचं, ह्यांनी घराकडे कधी लक्ष दिलं नाही. तुम्ही हसायचं. मग शाल, नारळ आणि चहा. मीसुद्धा तेच ठरवून आले होते. पण इथे बसल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तेव्हा अध्यक्ष महोदय, जरा वेगळं बोलू द्या.

आमच्या धनंजयसाहेबांचं काम काय? जिल्ह्यात पुढे कुठल्या गावाला किती वीज लागेल ते आज ओळखायचं, आणि तारा कुठून न्यायच्या, सबस्टेशन कुठे बांधायचं, ते मांडायचं. नगरपरिषद म्हणते आमची वस्ती वाढली, ग्रामपंचायत म्हणते आमचे पंप वाढले, आणि दोघांचंही खरंच असतं. जिल्ह्याचा नकाशा कायम आमच्या जेवणाच्या टेबलावर. साकोली तालुक्यावर वरणाचा डाग आहे, तो माझ्या हातचा. पवनीला लग्नाला गेलो, तर हे नवरदेवाला सोडून रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे बघत उभे. "याच्यावर किती ओझं टाकलं आहे बघ," म्हणे! अशा माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं, आणि मी ते मनापासून करते.

आता मुद्द्यावर येते. चंद्रकुमारभाऊ, दिवाळीत तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात, आठवतं का? तुम्हीच म्हणालात, "वहिनी, अभिनंदन! नव्या आराखड्यात एकोडीले सबस्टेशन निघालं." एकोडी माझं माहेर. लांबून येणाऱ्या लाईनच्या पार शेवटाला. उन्हाळी धानाला सगळे पंप एकदम सुरू झाले की घरातला दिवा नुसता लालसर दिसतो आणि मोटरी जळतात. आकडे तुम्ही आणि ह्यांनीच मिळून काढले होते. मी आनंदाने तुम्हाला आणखी एक पुरी वाढली. ह्यांनी मात्र ताट तसंच ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात सबस्टेशन एकोडीतून उठलं आणि हायवेवरच्या एका गावात जाऊन बसलं. त्या गावाबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्यांच्या जवळ एक सबस्टेशन आधीच आहे. मी ह्यांना विचारलं, काहून? तर म्हणाले, "लोक काय म्हणतील? जाता जाता जावयानं सासुरवाडीचं भलं केलं."

"मंग तुम्ही एकोडीची पोरगी केली, हा गावाचा गुन्हा हाय का?" मीही चिडले. माहेरची बोली अशा वेळी आपोआप तोंडात येते, माफ करा. साहेब टेबलावरच्या नकाशाची घडी घालायला लागले.

सगळ्या नोकरीत ह्यांनी कोणाचा फुकट चहा घेतला नाही, हे मी अभिमानाने सांगते. पण आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून अख्ख्या गावाला मिणमिणत ठेवायचं, याला प्रामाणिकपणा म्हणायचं का? मला तर संताप येतो बाई.

भय्याजीने कधी एका शब्दाने विचारलं नाही. परवा मीच फोन केला, तर म्हणतो, "मोटर आखीन जळली बाई. पण जावईबापूले सांगू नको, त्यायचा निरोपाचा कार्यक्रम हाय." उन्हाळी धानाचं रोवणं झालेलं, शेताच्या बांधीत पाणी नाही, आणि हा इथे नवा सदरा घालून टाळ्या वाजवून राहिला! भय्याजी, खाली काय पाहून राहिला? इकडे पाह.

आराखडा उद्या नागपूरला जाणार, तिथून मुंबईला. एकदा गेला की पुढची कितीतरी वर्षं तोच चालणार. त्यावर ह्यांची सही अजून झालेली नाही. गेले काही दिवस घरात नुसत्या येरझारा चालल्या आहेत, समोरचा चहा निवून जातो. सही का होत नाही, ते ह्यांनाही कळतं असं मला वाटतं.

माहेरासाठी बोलते म्हणा, खुशाल म्हणा. पण एकोडीलाच द्या, असं मी म्हणत नाही. साहेबांनी एवढ्या एका निर्णयातून हात काढावा, आणि अध्यक्ष महोदय, तुम्ही व चंद्रकुमारभाऊंनी पहिले आकडे समोर ठेवून काय ते ठरवावं. तुमची दोघांचीही सासुरवाडी तिकडे नाही. हायवेचं गाव निघालं तर मी स्वतः तिथे पेढे घेऊन जाईन.

अहो, उठलात कायले? माझं संपलं नाही अजून! निदान शाल तरी... बरं, बरं. चंद्रकुमारभाऊ, अडवू नका त्यांना. पहिल्या आकड्यांचा आराखडा वरच्या मजल्यावर त्यांच्या कपाटात आहे, आणि किल्ली उद्यापासून तुमच्याकडे जाणार.

तर मंडळी, तुम्ही एवढ्या मायेने हा समारंभ घडवून आणलात, माझी कटकट ऐकून घेतलीत, फार आभारी आहे. शाल मी धरून ठेवते. ते खाली आले की अध्यक्षांनीच पांघरावी. माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. ह्यांची चूक मात्र पोटात घालू नका. ती दुरुस्त करायला ते गेले आहेत.